केरबाने भांडी परत केली

एका गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव केरबा. सांगितलेलं काम तो लगेच करायचा. विचार करायला थांबत नसे, कारण थांबलं की तो काम विसरायचा. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच शिकवण मावायची. दुसरी आत आली की पहिली बाहेर.

केरबाच्या घरात तीन माणसं होती. आई, थोरली बहीण अनसा, म्हणजे त्याची आक्का, आणि तो. मग आई गेली. दोन उरली.

त्या गावात माणूस गेलेल्या घरात सुतक फिटेपर्यंत चूल पेटवत नसत. शेजारी जेवण पाठवायचे. कुणी डब्यातून पिठलं दिलं, कुणी पातेल्यातून आमटी. तेराव्याच्या जेवणाला पाटलीणकाकूंनी आपली मोठी कढई दिली. तिच्यात सहा घागरी पाणी मावायचं.

आक्का आलेल्या जेवणातला एक घास घ्यायची आणि ताट सरकवायची. अन्न टाकू नये असं आईने शिकवलं होतं, म्हणून आक्काच्या ताटातलंही केरबाच संपवायचा. तो गुटगुटीत झाला. आक्का वाळत गेली.

शेजारच्या हौसामावशीने हे पाहिलं. ती केरबाला म्हणाली, "पोरगी अशीच उपाशी राहिली तर आईच्या मागे जाईल बघ. एक अख्खी भाकर तरी तिच्या पोटात जाऊ दे."

केरबा घाबरला. आक्का जाऊ नये म्हणून तो दाराला आतून कडी लावू लागला. बाहेर जायचं झालं तर स्वतः खिडकीतून जायचा.

सुतक फिटलं. तरी आक्काने चूल पेटवली नाही. ती कडी काढून अंगण झाडायची, म्हशीचं बघायची, धुणं धुवायची. चुलीकडे मात्र पाठ करून बसायची. केरबाने विचारलं, आक्का, भाकर कधी करणार? आक्का म्हणाली, "लोकांची भांडी घरभर पसरलीत. ती दिसली की तेच दिवस आठवतात. ती गेल्याशिवाय माझा हात पिठात जायचा नाही."

"मग मी देऊन येतो."

"ये देऊन. पण रिकामी देऊ नकोस. भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून द्यावं."

केरबाला आनंद झाला. भांडी गेली की भाकर. त्याने हौसामावशीचा डबा उचलला. आता काहीतरी घालायचं. चुलीपाशी जळणाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचलेल्या होत्या. त्याने दोन शेणी डब्यात बसवल्या, झाकण दाबलं आणि खिडकीतून निघाला.

हौसामावशीने डबा उघडला. तिने झाकण पुन्हा लावलं. मग तिने त्याला समजावलं की बाबा, भांड्यात खायचं घालावं, खायचं.

केरबा म्हणाला, बरं.

दुसरं भांडं सुताराच्या गोदाकाकीचं पातेलं होतं. खायचं घालायचं. गोठ्यात म्हैस पेंड घातलेली वैरण मन लावून खात होती. केरबाने तिच्या पुढ्यातलीच काढून पातेलं गच्च भरलं. म्हैस त्याच्यामागे सुताराच्या दारापर्यंत आली.

गोदाकाकीने एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा म्हशीकडे. "हे कुणासाठी आणलंस रे?"

"तुमच्यासाठी, काकी. ताजं आहे. हिला विचारा."

गोदाकाकी कपाळाला हात लावून म्हणाली की माणसाच्या तोंडात जाईल असं द्यावं. केरबा म्हणाला, बरं. वैरण तिथेच राहिली. म्हैसही तिथेच राहिली.

तिसरी होती दाजीबा शिंप्याची पितळी कासंडी. माणूस रोज तोंडात काय घालतो? केरबाला लगेच सुचलं. त्याने कडुनिंबावर चढून कासंडीभर काड्या मोडल्या. चांगल्या बोटभर जाडीच्या, दातण करायला सोप्या.

दाजीबाला चष्म्याशिवाय दिसत नसे. त्याला वाटलं शेवग्याच्या शेंगा आहेत. त्याने एक चावून पाहिली. नंतर सात वेळा चूळ भरली. मग केरबाला समोर बसवून सांगितलं की देणं कसं असावं, तर चुलीवर शिजलेलं असावं, गरम गरम असावं, झाकण काढलं की वाफ यावी.

केरबा म्हणाला, बरं.

पण घरात शिजलेलं काही नव्हतं. केरबा हिरमुसून घरी आला तर अंगणात तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं. आक्काने त्याचा डोक्याचा पटका धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवला होता. ती विहिरीवर गेली होती. केरबाने झाकण काढलं. वाफ आली. अगदी दाजीबाने सांगितली तशी. त्याने पटका चिमट्याने उचलून भाऊ गुरवाच्या टोपात घातला, वरून थोडा रस्साही घातला.

भाऊ गुरव देवळाची पूजा आटोपून भुकेला बसला होता. वाफ पाहून त्याने ताट मांडलं. टोपातून पांढरं टोक वर आलं. शेवया असतील म्हणून तो ओढू लागला. हातभर आलं. दोन हात आलं. ताट भरलं, पाट भरला, तरी येतच होतं. अठरा हात झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"केरबा, हा तुझा पटका आहे."

"हो, मामा. चांगला शिजलाय."

गुरव म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश बोलला. तो म्हणाला, "लेकरा, शेजाऱ्यांनी तुमच्या वाईट दिवसात जेवू घातलं. त्यांना द्यायचं ते असंतसं देऊ नये. घरातलं सगळ्यांत आवडीचं द्यावं. देताना जिवावर आलं पाहिजे."

केरबा या वेळी लगेच बरं म्हणाला नाही.

तो घरी येऊन उंबऱ्यावर बसला. आता फक्त पाटलीणकाकूंची कढई उरली होती. घरात सगळ्यांत आवडीचं काय? आईने शिवलेली वाकळ आवडायची. थंडीत तिच्यात पाय दुमडून पडलं की दुसरं काही नको वाटायचं. पण वाकळ देताना इतकं जिवावर येत नव्हतं. तव्यावरची पहिली भाकर आवडायची, फुगलेली, तिच्यावर बोटाने तेल आणि चटणी. पण ती आता नव्हतीच. तुळशीपाशी सकाळचं ऊन यायचं, ते आवडायचं. ते कढईत राहीना. त्याने धरून पाहिलं.

तेवढ्यात आक्का विहिरीवरून आली आणि घागर उतरवून भिंतीला टेकून बसली. थकली होती. केरबाने तिच्याकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं. देताना जिवावर येईल असं घरात हेच होतं.

पण भांडी गेल्याशिवाय आक्का जेवणार नव्हती. केरबा उठला. त्याने आक्काला उचललं आणि कढईत ठेवलं. उपाशी राहून ती इतकी हलकी झाली होती की तिच्यापेक्षा कढई जड लागली.

"केरू, हे काय चाललंय?"

"पाटलीणकाकूंची कढई परत देतोय."

"मग मला का बसवलंस?"

"रिकामी देऊ नये." त्याने कढईच्या कड्यांना दोर बांधला आणि ओढायला लागला. आक्का उठू लागली. केरबा मागे वळून म्हणाला, "हलू नकोस आक्का, सांडशील."

थोडं पुढे गेल्यावर धूळ उडू लागली. देण्यावर धूळ बसू नये म्हणून त्याने वाटेतल्या एका घरातून परात मागून आणली आणि आक्काच्या डोक्यावर झाकली. परातीखालून आक्का काय म्हणत होती ते कुणाला ऐकू आलं नाही.

पाटलीणकाकू ओसरीवर लसूण सोलत होत्या. केरबाने कढई त्यांच्यापुढे आणून उभी केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकूंनी परात उचलली. आत आक्का बसली होती. कढईची सगळी काजळी तिच्या तोंडाला लागली होती, नुसते डोळे दिसत होते.

"घरातलं सगळ्यांत आवडीचं आहे, काकू," केरबा हुंदके देत म्हणाला. "जपून वापरा."

काकू आक्काकडे बघत राहिल्या. आक्का काकूंकडे. मग आक्का एकदम हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ती कढईचा काठ धरून हसली, हसता हसता रडली, पुन्हा हसली आणि म्हणाली, "काकू, भूक लागली हो."

काकूंनी तिला तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही. तिथेच भाकर वाढली, वांग्याचं भरीत, बुक्कीने फोडलेला कांदा. आक्काने एक भाकर खाल्ली. अख्खी. केरबा समोर बसून तिचा प्रत्येक घास बघत होता. मग तिने दुसरीतली अर्धी घेतली.

जेवण झाल्यावर आक्का उठली. म्हणाली, चल केरू, घरी जाऊ. केरबा जागचा हलला नाही.

"तू कशी येशील? तुला मी देऊन टाकलंय."

काकूंनी समजावलं, आक्काने समजावलं. केरबाचं एकच म्हणणं होतं, दिलेलं परत नेत नाहीत. मग त्याने डोळे पुसले आणि विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ केला.

"काकू," तो म्हणाला, "तुमची कढई आम्हाला पुन्हा उसनी द्या. पण रिकामी देऊ नका."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मानेनेच होकार दिला. केरबाने आक्काला कढईत बसवलं आणि ओढत घरी आणलं.

त्या दिवशी दिवेलागणीला घरातली चूल पेटली. आक्काने पीठ मळलं. तव्यावरची पहिली भाकर केरबाला दिली, वर तेल आणि चटणी. पिठलं आईसारखं झालं नव्हतं, थोडं पातळ झालं होतं. केरबाने पिठल्याच्या भांड्याच्या तळाची खरवड काढून निम्मी आक्काच्या ताटात ठेवली. बाहेर म्हैस एकटीच परत आली होती आणि गोठ्यात रवंथ करत होती. केरबाला वाटलं, एवढं असलं की झालं.

आक्का दीड भाकरीवर थांबली. केरबाने अंगणातल्या कढईकडे पाहिलं आणि तिच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

"पोटभर जेव, आक्का," तो मायेने म्हणाला. "सकाळी लवकर उठायचंय. तुला काकूंकडे परत पोचवायचंय."