दगडाच्या मगरीचे वाटे

फार पूर्वी, जमीन उकरली की दगड झालेली हाडं निघत, अशा एका शहराजवळ टेकडीपल्याड एक छोटी वाडी होती. हाडं बघायला लांबून लोक येत, म्हणून शहराला रस्ते झाले, वैद्याचा दवाखाना झाला. वाडीला मात्र चिखलाची पायवाट. माणूस आजारी पडला की झोळीत घालून न्यायचा.

वाडीत एक रिवाज होता. शिकार असो की मध, काहीही मिळालं की घरटी सारखे वाटे. चांगलाच रिवाज हो, कोण नाही म्हणतंय! पण डोकं म्हणून काही वापरायचं असतं की नाही?

एकदा ठकूबाईच्या बांधात दगड झालेली मगर सापडली. अख्खी, शेपटीपासून दातांपर्यंत! शहरातले जाणकार धावत आले. म्हणाले, "अशी आमच्याकडेही नाही. हिला हलवू नका. पुढच्या बाजाराला राजेसाहेबांना आणतो. ते आले की रस्ता झालाच समजा."

ठकूबाईला आनंदानं रडूच फुटलं. तिची सून पोटुशी होती.

पण संध्याकाळी पारावर कुरकुर सुरू झाली, मगर हिच्याच बांधाला का? वाडीचा कारभारी म्हणाला, "रिवाज म्हणजे रिवाज. वाटे घाला."

"अरे, ती काय बोकड आहे?" ठकूबाई ओरडली. "फोडलीत तर राजाला दाखवणार काय?"

"मावशी, तुम्हालाही मिळेल की वाटा!"

घ्या! घातले की हो घण. कुणाला शेपटी, कुणाला जबडा. एकीनं तर पाठीच्या तुकड्यावर चटणी वाटली. आता काय बोलायचं या लोकांना!

राजा आला. "मगर कुठंय?" जो तो आपला तुकडा घेऊन धावला, "ही बघा! ही बघा!" राजानं कपाळाला हात लावला आणि घोडा वळवला. रस्ता कुठला नि काय!

भर पावसात सुनेला कळा सुरू झाल्या. झोळी निघाली, आणि बाळ टेकडीवर झोळीतच झालं. दोघं वाचली, हे नशीब. चार दिवसांनी दवाखान्यातून परतताना पुन्हा तीच झोळी, तोच चिखल. झोळीचा दांडा वाहून कारभाऱ्याचा खांदा सोलवटला.

"मावशी, आता दुसऱ्या कुणाला द्या की!" तो कळवळला.

"देते ना," ठकूबाई म्हणाली. "रिवाजच आहे आपला. सगळ्यांना सारखा वाटा!"

तात्पर्य: जे अख्खं राहिलं तरच सगळ्यांच्या कामाचं, त्याचे वाटे घालू नयेत बाबांनो, घातले तर घरोघरी नुसता दगड येतो.