जवाच्या पाण्याचा घोट

"सातच्या सात नापास! आणि सगळ्या तुमच्याच समोर. का, बाई?"

मकरंद पायगुडे दारातूनच बोलला. चपलाही काढल्या नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर बसून तो कोरियन शिकला होता. तेव्हा चपला जिन्यातच काढून यायचा.

कमलिनी भडकमकर फळा पुसत होत्या. पुसून होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. तळेगावात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या या एका खोलीत त्यांनी बावीस वर्षं कोरियन शिकवलं होतं. त्याआधी बारा वर्षं त्या कोरियात, बुसानच्या बंदरात दुभाष्याचं काम करत होत्या. वय एकाहत्तर. सगळं गाव त्यांना बाईच म्हणे.

"चपला," बाई म्हणाल्या.

त्यानं चपला काढल्या. राग तेवढा काढून ठेवला नाही.

रागाला कारण होतं. चाकणच्या एका कोरियन कारखान्याला दुभाषी मुली हव्या होत्या. लेखी परीक्षा कारखाना घेई, तोंडी परीक्षा बाईंकडे असे. मकरंदच्या ऑनलाइन वर्गातल्या आठजणी लेखीला बसल्या आणि आठही वरच्या नंबरात आल्या. मग तोंडीला एकेक करून सातजणी हा जिना चढल्या आणि तोंड पाडून उतरल्या.

आठवी आज पाच वाजता येणार होती. उर्मिला तनपुरे. हीसुद्धा पडली तर या वर्गाच्या मुली यापुढे पाठवू नका, असं कारखान्यानं त्याला कळवलं होतं.

"तुमचा माझ्यावर राग आहे," मकरंद म्हणाला. "मी मध्येच वर्ग सोडला, स्वतःचा काढला. कबूल. पण तो राग त्या पोरींवर काढू नका."

"राग असता तर चपला काढ म्हटलं नसतं."

"मग त्यांना येत नव्हतं का?"

"सगळं येत होतं."

"मग?"

बाईंनी डस्टर खिडकीबाहेर झटकलं.

"मी प्रश्न विचारला. त्यांनी वाट पाहिली."

"कशाची?"

"…तेच मला कळेना. सातहीजणींनी अगदी सारखी वाट पाहिली. तुझा वर्ग किती वाजता असतो?"

"साडेतीनला."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

"इथूनच घे. मी बसते."

मकरंदला आतून बरंच वाटलं. आंधळा मागतो एक डोळा, अशी गत झाली. पाहू दे म्हातारीला एकदा डोळे उघडून! बाईंनी दोन वर्षांत त्याला एकच पुस्तक शिकवलं होतं, त्यानं आठ महिन्यांत दोन उडवून तिसरं धरलं होतं. त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि टेबलावरच्या वह्या न विचारता बाजूला सरकवल्या.

"एकशेबारा जण आहेत, बाई. तुमच्या खोलीत बाराच मावतात. आणि एवढे असूनही माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"ते कसं काय?"

"सगळ्यांचे आवाज मीच बंद ठेवतो. कुलूपच घालतो म्हणा ना. नाहीतर कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाचं रडकं मूल… शिकवणार कसं? उत्तरं ते लिहून पाठवतात. आठ महिन्यांत एकदाही कुलूप काढावं लागलं नाही."

बाई एक खडू घेऊन टेबलाच्या कडेशी बसल्या.

साडेतीनला वर्ग सुरू झाला.

शिकवायचा मात्र झकास, खोटं कशाला बोला. आवाज खणखणीत, उदाहरणं ताजी, फोड अशी की दगडालाही समजावी. प्रश्न विचारायचा, बोटं वर करून "तीन… दोन… एक" असं मोजायचा, आणि एक म्हणता म्हणता उत्तर देऊन टाकायचा. तोवर पडद्यावर शंभर उत्तरं लिहून आलेली असायची. बहुतेक बरोबर.

"शाब्बास! पुढे."

बाईंनी टेबलाच्या कडेवर खडूची एक रेघ ओढली.

"तीन… दोन… एक. शाब्बास! पुढे."

दुसरी रेघ.

चार वाजेपर्यंत टेबलाच्या कडेला सतरा रेघा झाल्या. मकरंदला त्या दिसत होत्या आणि खुपतही होत्या. पण विचारायचं कसं? वर्ग चालू होता. त्याचा आवाज उगीचच चढला. एका वाक्यात तो अडखळलासुद्धा, आणि ते बाईंच्या ध्यानात आलं असणार या विचारानं त्याचे कान तापले.

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या किटलीतून त्यांनी पेलाभर पाणी ओतलं. भाजलेले जव उकळून केलेलं तांबूस पाणी. कोरियात घरोघरी हेच पितात आणि बाईंनी ती सवय बंदरावरून इथवर आणली होती. पेला त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

मकरंद चपापला. दोन्ही हातांनी द्यायचं ते थोरामोठ्यांना. हे त्याला याच खोलीत शिकवलं होतं. त्यानं घाईघाईनं तो दोन्ही हातांनी घेतला.

"आता कुलूप काढ," बाई म्हणाल्या.

"बाई, बाजार भरेल नुसता."

"भरू दे. आणि एकच विचार. जेवलात का?"

कोरियात माणूस भेटला की पहिलं हेच विचारतात, जसं आपल्याकडे. पहिल्या धड्यातलं वाक्य. मकरंदला हसू आलं, चीडही आली.

"वर्ग तिसऱ्या पुस्तकावर आहे, बाई. हे काय विचारायचं?"

"पाचला तासभर उरलाय, मकरंद. तुलाही आणि तुझ्या आठवीलाही."

त्यानं कुलूप काढलं आणि कोरियनमध्ये विचारलं, "जेवलात का?"

बाईंनी त्याला कॅमेरा बंद करायला लावला आणि लॅपटॉप फिरवून त्याचा पडदा स्वतःकडे केला. आता मकरंदला मुलांची नावं दिसत नव्हती, नुसती काळी पाठ दिसत होती.

"एक घोट घे. तोंडात धर. मी सांगेन तेव्हा गिळ."

आपल्याकडे गप्प बसलेल्याला म्हणतात, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? इथं मीठ नव्हतं, एवढाच काय तो फरक. मकरंदनं घोट घेतला आणि गाल फुगवून बसला. एवढा बाप्या माणूस, एकशेबारा जणांचा सर.

लॅपटॉपमधून आधी कुकरची शिट्टी आली. मग एक मोटारसायकल गेली. कुठंतरी बकरी ओरडली, कुठंतरी भांडं पडलं, एका घरात टीव्हीवर कुणीतरी हुंदके देत होतं. एका एसटीच्या खिडक्या खडखडत होत्या.

माणूस एकही बोलेना.

मकरंदनं मनात मोजलं. तीन… दोन… एक. सवयीनं ओठ उघडू गेले आणि पाणी हनुवटीवर आलं. त्यानं ओठ घट्ट मिटले.

पुन्हा मोजलं. तीन… दोन… एक.

एक मिनिट गेलं.

बाई हलल्या नाहीत. खडू त्यांनी टेबलावर आडवा ठेवला होता.

वर्गातली शांतता त्याला कधीच सोसत नसे. ती दिसली की तो बुजवून टाकी. आता ती त्याच्यासमोर आ वासून होती आणि त्याचं तोंड बंद होतं.

आणि मग त्याला कळलं. तिकडेही सगळे मोजत होते. एकशेबारा जण बोटं मोजून सरांच्या उत्तराची वाट पाहत होते. टेबलावरच्या सतरा रेघा त्याच्याच उत्तरांच्या होत्या. सातजणी या खोलीत, याच बाईंसमोर बसून मनात तीन आकडे मोजत होत्या आणि चौथ्याला काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याला लाज वाटली. अशी, की खुर्चीतून उठून जिना उतरून जावं.

त्यानं बाईंकडे पाहिलं. हात जोडल्यासारखे केले. आता पुरे.

बाईंनी मान हलवली. नाही.

दीड मिनिट… दोन…

"…जेवले."

घोगरा, दबलेला आवाज. कुणीतरी घसा खाकरला. मग तोच आवाज, कोरियनमध्ये, शब्द एकेक वेचत, "भाकरी… खाल्ली. गाडीत. ठेच्याबरोबर." ठेच्याला कोरियनमध्ये शब्द कुठून आणायचा, तो मराठीतच आला. "अर्धी… उरली आहे."

पुन्हा खडखडाट. मग तोच आवाज जरा धीटपणे म्हणाला, "सर… आणि तू?"

चूक! ढळढळीत चूक. कोरियात थोरांना हे विचारायचा शब्द वेगळा असतो. मराठीत सांगायचं तर मुलीनं सरांना चक्क 'जेवलास का रे' म्हटलं होतं. मकरंदचे गाल थरथरले, बोट वर गेलं. आठ महिन्यांत अशी चूक त्यानं दोन क्षण जगू दिली नव्हती.

बाईंनी त्याचं वर गेलेलं बोट धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

प्रश्न तसाच राहिला. सर उत्तर देईनात.

"सर जेवत नाहीत," दुसरी एक बारीक आवाजाची मुलगी कोरियनमध्ये म्हणाली. "वर्गाच्या आधी… कधीच नाही."

"का?" तिसरी.

"घाई."

कुणीतरी फिसकन हसलं. "ती अर्धी भाकरी… मला दे," एका मुलाचा आवाज आला. "ये गाडीत," घोगऱ्या आवाजानं उत्तर दिलं. मग तीनचारजण एकदमच बोलायला लागले. तोडकंमोडकं, उलटसुलट, शब्द अडला की मराठी, आणि मध्येच कुकर. कुणी वांग्याला काय म्हणतात विचारत होतं, कुणी सांगत होतं, तेही चुकीचं.

एसटीच्या खडखडाटातून दांडगा आवाज आला. "तळेगाव स्टेशन! उतरणारे दाराशी चला… ओ ताई, ते फोनवरचं मग, आधी उतरा!"

आणि घोगरा आवाज कोरियनमध्ये म्हणाला, "मी… उतरते आता. जाते." मग बंद झाला.

मकरंद ताठ झाला.

बाकीचे बोलतच होते. त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याचा वर्ग त्याच्यावाचून चालला होता. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढ्यावर तर आपण एवढे मोठे झालो, असं त्याला वाटलं आणि घशाशी हुंदका आला. तोंडात पाणी असताना हुंदका आवरणं फार कठीण. तोही त्यानं आवरला.

साडेचार वाजले. बाईंनी मान डोलावली.

मकरंदनं घोट गिळला. पाणी कोमट झालं होतं, जवाची करपट चव जिभेवर राहिली. लॅपटॉप स्वतःकडे फिरवून त्यानं सगळ्यांना निरोप दिला, पण बोलताना आवाज आपला वाटेना. वर्ग संपला. खोली शांत झाली आणि या वेळी ती शांतता त्यानं बुजवली नाही.

लॅपटॉप मिटत तो म्हणाला, "बाई… ती पहिली बोलली ना, ती माझी उर्मिला."

"कशावरून?"

मकरंद मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहू लागला.

"आठ महिने शिकवलीस. कशावरून ओळखलीस?"

मकरंदची मान खाली गेली.

"कंडक्टर तळेगाव म्हणाला."

बाईंनी ओल्या फडक्यानं टेबलाच्या कडेवरच्या रेघा पुसल्या. सतराही. मग पेला पुन्हा काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.

"ती पास होईल का, बाई?"

खाली दुकानाच्या पायरीशी कुणीतरी भडकमकरबाईंचा वर्ग कुठं, असं विचारत होतं. मकरंदला शब्द कळले, आवाज ओळखू आला नाही. दुकानदारानं जिना दाखवला असावा. पावलं वर येऊ लागली. अर्ध्या जिन्यात थांबली. कुणीतरी चपला काढत होतं.

मकरंदनं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी दाराबाहेरच्या बाकाकडे बोट केलं.

"तिथं बस, घोट धरून. आणि या खेपेला तिला आवाजावरून ओळख."