घाटाचा माथा

गाड्या एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एकाच कंपनीच्या दोन जुन्या स्पोर्ट्स कार विक्रीला होत्या. एक आधीच्या सालची, एक नंतरची. उरेल ती भंगारात जाणार होती.

"शेंबडे, वेग माझ्याकडून शीक," थोरली म्हणाली.

गिऱ्हाईक हैबतरावांनी आधी थोरलीला घाटात नेलं. ती अर्ध्यातच तापली आणि परतली. मग धाकटी गरजत थेट माथ्यावर गेली. सगळा डोंगर घुमला. थोरली थक्क होऊन ऐकत राहिली.

"तू तापली कशी नाहीस गं?" धाकटी परतल्यावर तिनं विचारलं.

"ताई, तुझ्या सालच्या गाड्या तापल्या, म्हणून कंपनीनं माझा रेडिएटर मोठा केला. माथ्यावर तूच पोचलीस."

हैबतरावांनी धाकटी घेतली.

थोरली भंगारवाल्याला म्हणाली, "चल, कुठं न्यायचं तिथं ने. मी माथा गाठलाय."