पहिलं आसव कोणाचं?

पुष्कळ पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि गावाभोवती द्राक्षांचे मळे होते. तिथलं द्राक्षासव इतकं चविष्ट, की राजाच्या पंगतीला दुसरं काही चालत नसे.

ते आसव करायची कोंडाई नावाची एक म्हातारी. गावाने द्राक्षं उतरवायची, दगडी कुंडात तुडवायची, रस रांजणांत भरायचा. मग गेल्या वर्षीच्या आसवाचा राखून ठेवलेला गाळ कोंडाई त्यात घालायची. दुधाला विरजण लावतात ना, तसा. कितीतरी पिढ्या तो गाळ असाच एका वर्षाच्या रसातून पुढच्या वर्षाच्या रसात चालत आला होता.

एका वर्षी द्राक्षं तयार झाली आणि नेमका त्याच दिवशी राजाचा दूत आला.

"परदेशच्या पाहुण्याने महाराजांना विचारलं, हे आसव पहिल्यांदा केलं कोणी? आठ दिवसांत नाव कळवा. ते गडाच्या दारात दगडावर कोरलं जाईल. त्याच्या वंशजांना दरबारात मानाची जागा मिळेल."

दूताची पाठ वळते न वळते तोच सटवाजी कुंभार उभा राहिला. "त्याला आठ दिवस कशाला? पहिला रांजण माझ्या मूळपुरुषाने घडवला. त्यात रस राहून गेला, म्हणून आसव झालं!"

"आणि तो रस आला कुठून?" लखू माळी ओरडला. "डोंगरापलीकडून ओल्या फडक्यात वेलाच्या काड्या बांधून आणल्या त्या आमच्या मूळपुरुषाने!"

कोंडाईने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, आधी द्राक्षं उतरवा, मग भांडा! भांडण काही नासत नाही. द्राक्षं नासतात."

पण ऐकतो कोण? अर्धं गाव कुंभाराच्या बाजूने झालं, अर्धं माळ्याच्या. लखूने मळ्यांच्या वाटेवर काटेरी फांद्या लावल्या. सटवाजीने जमिनीत पुरलेले रांजण उकरून घरी नेले. उरलेले सगळे दिवसभर चावडीवर बसून आपापले पूर्वज आठवू लागले. काहींना तर नसलेलेही आठवले.

चार दिवस गेले. ऊन वाढलं. कोंडाईने गाळाचं मडकं हुंगलं आणि तिचा जीव घाबरा झाला. ती तडक लखूकडे गेली.

"लखू, एक टोपली द्राक्षं दे. गाळाला नवा रस नाही मिळाला तर तो मरेल."

"देतो की! आधी चावडीवर सांग, आसव पहिल्यांदा आमच्या घरात झालं."

"सांगते बाबा, सांगते!" म्हातारी चावडीवर गेली आणि ओरडली, "आसव माळ्याचं!" समोर सटवाजीचा चेहरा उतरलेला दिसला. आता हा रांजण देणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं. वैतागून ती पुन्हा ओरडली, "आणि कुंभाराचंही! झालं समाधान?"

दोघांनीही तिच्याकडे पाठ फिरवली. टोपली मिळाली नाही, रांजणही नाही.

आठव्या दिवशी दोघे राजापुढे उभे राहून तावातावाने बोलू लागले. शेवटी राजाने त्यांच्यामागे मडकं घेऊन आलेल्या कोंडाईला विचारलं, "आजी, तुम्हीच सांगा. पहिला कोण?"

"मला काय ठाऊक, महाराज? मी तिथे नव्हते. हे दोघेही नव्हते." म्हातारी दोन पावलं पुढे आली. "तो जो कोणी होता, त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं." तिने मडकं पुढे केलं. उग्र, कुजका वास दरबारभर पसरला. "हे काल मेलं. द्राक्षं वेलीवर सडली, माश्या घोंघावतायत. आणि महाराज, राग मानू नका, हा प्रश्न तुम्ही महिन्याने विचारला असता तर काय बिघडलं असतं? दगड का कुठे पळून जाणार होता?"

राजाने मान खाली घातली. सटवाजी आणि लखू एकमेकांकडे बघेनात.

पुढच्या वर्षी सगळं गाव न सांगता मळ्यात आलं. रस निघाला, पण त्यात घालायला काही नव्हतं. त्या वर्षी नुसतं आंबट पाणी झालं. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी रस आपोआप आंबून कसंबसं आसव जमलं. सटवाजीने घोट घेतला आणि हळूच म्हणाला, "कोंडाई, हे ते नव्हे."

"नव्हेच," कोंडाई म्हणाली. "ते आता कोणालाच करता येणार नाही. तुला नाही, लखूला नाही, मलाही नाही. पी मुकाट्याने."

तेव्हा बाळांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: पूर्वजांच्या नावावरून भांडण्यात त्यांचा मान नाही, त्यांनी सुरू केलेलं काम चालू ठेवण्यात आहे.