सुपाएवढी खिडकी

“पण चौकट ठेवू का काढू, तेवढं सांगा बाबा. उद्या सकाळी पत्रा कापायचाय.”

सोमगीरबाबा मठीच्या ओट्यावर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली.

“कशाची चौकट?”

“खिडकीची, बाबा. मघापासून मी काय सांगतोय?”

“सांगत होतास होय... मला वाटलं, कौतुक करतोयस.”

सर्जेराव खराडेनं जीभ चावली. कौतुक तर चाललंच होतं. आणि का करू नये? हमरस्त्याला त्याची गाड्या बांधायची शेड होती. आधी बसगाड्या बांधायचा, हल्ली घरगाड्या बांधत होता. शहरातल्या लोकांना आताशा गाडीतच स्वयंपाक आणि गाडीतच झोप असं फिरायची हौस आली आहे, त्यांच्या गाड्या. काम चोख होतं त्याचं. “आमच्यासारखी खिडकी पुण्यात कुणी बसवून दाखवावी,” असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि चारचौघं ऐकून घ्यायचे.

ही गाडी मात्र त्यानं गिऱ्हाइकासाठी बांधली नव्हती. बाबांसाठी बांधली होती.

बाबा फिरते गोसावी. उभा जन्म पायी गेला. गावोगाव जायचं, दारात उभं राहायचं, झोळीत पडेल ते शिजवून खायचं. नियम एकच. दारात जाऊन, मागून, आपल्या हातानं घेतलेलंच पोटात जाईल.

दिवाळीत गुडघे धरले आणि सगळंच अडलं. खालच्या बोरखेल गावातून लोक ताटं पाठवायला लागले. बाबा ताटाला हात जोडायचे आणि जो कोणी डोंगर चढून आला असेल त्यालाच वाढायचे.

“पाठवलेलं ते जेवण,” म्हणायचे. “मागितलेली ती भिक्षा.”

डॉक्टरांनी रागं भरल्यावर कपभर दुधाला तयार झाले, तेवढंच. थंडी सरता सरता माणूस निम्मा झाला. डॉक्टरांनी सर्जेरावला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, असंच चाललं तर उन्हाळा निघायचा नाही. सर्जेरावला ते ऐकवेना, आणि बाबांकडे तर बघवतच नव्हतं.

म्हणून ही गाडी. पाय दारापर्यंत जात नाहीत, तर चाकं जातील. बाबा हो म्हणाले होते. “चाकं काय आणि खडावा काय,” म्हणाले होते. त्या दिवशी सर्जेराव घरी येऊन लहान पोरासारखा रडला होता.

आता गाडी मठीपुढं उभी होती. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. सगळं झालं होतं, खिडक्या तेवढ्या राहिल्या होत्या. नमुन्याला म्हणून सर्जेरावनं दोन्ही बाजूंना एकेक बसवून आणली होती. डावीकडं बिनचौकटीची, उजवीकडं चौकटीची.

“चला, दाखवतो,” तो म्हणाला. “बघाल तर खूश व्हाल.”

त्यानं बाबांना एका बाजूनं धरलं, त्याची बायको शालन हिनं दुसऱ्या बाजूनं. गाडीला तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर बाबा थांबले, श्वास घेतला, आणि कसेबसे आत जाऊन डाव्या खिडकीपाशी टेकले.

शालन खालीच राहिली. तिनं घरून सूप आणलं होतं, सुपात शाळूची नवी ज्वारी. बाबा भिक्षा घेणार नाहीत हे तिला माहीत होतं. तरी दर खेपेला आणायची आणि तसंच परत न्यायची.

“ही बघा,” सर्जेराव आत उभा राहून सांगायला लागला. “हिला चौकटच नाही. काच थेट पत्र्याला चिकटवलेली. बाहेरून हात फिरवा, कुठं कड लागायची नाही. खडखड नाही, धूळ नाही, पावसाचा थेंब नाही. आणि काच काळी. आतून सगळं दिसतं, बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. लोकांचा तुम्हाला त्रासच नको.”

“उघडते का?”

“उघडते की. खालून ढकलायची. अशी.”

काच खालून चार बोटं बाहेर सरकली आणि थांबली.

“बस?”

“बस. वारा भरपूर येतो बाबा. बाकी एसी आहेच.”

बाबा त्या चार बोटांच्या फटीकडे बघत राहिले.

“आणि भिक्षा?”

सर्जेरावनं त्याचाही विचार केला होता. तो जरा हसलाच. “त्याची काळजी नको. एक सेवेकरी ठेवणार आहे बरोबर. गाडी दारात थांबली की तो उतरेल, घेईल, तुम्हाला आणून देईल.”

“मग भिक्षा त्याची झाली,” बाबा म्हणाले. “जेवायचंही त्यानंच.”

सर्जेराव गडबडला.

“असं कर,” बाबा म्हणाले. “बाहेर शालन उभी आहे ना? तिला सांग, ती उभी आहे तेच तिचं दार. गाडी दाराशी आली आहे. मी आत आहे. भिक्षा वाढ म्हणावं.”

दिवाळीपासून बाबांनी कुणाकडं भिक्षा मागितली नव्हती. त्यानं दारातून वाकून शालनला सांगितलं. ती लगबगीनं डाव्या अंगाला आली.

“बाबा... आत आहात नव्हं?”

“आहे, बाई.”

बाबांचा आवाज खोल गेलेला, तिला ऐकू गेलं नसावं. ती काचेजवळ आली. डोळे बारीक करून आत बघायला गेली आणि तिला तिचंच तोंड दिसलं. एवढं स्वच्छ दिसलं की तिनं सूप कमरेवर टेकवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावरचं फिसकटलेलं कुंकू बोटानं पुसलं.

आतून दोघंही बघत होते. मध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

“बघ,” बाबा हळूच म्हणाले. “आली होती मला वाढायला.”



शालननं फट शोधली. सूप काही तिच्यातून जाईना. आडवं धरून बघितलं, तिरकं धरून बघितलं, शेवटी टोक फटीला लावून ओतायला गेली. मूठभर दाणे आत पडले. बाकी सगळा शाळू पत्र्यावरून घसरत मातीत गेला.

“अगं बाई...” म्हणत ती खाली बसली आणि दाणे गोळा करायला लागली. अन्न सांडलं म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “चुकलं बाबा,” ती काचेकडं बघून म्हणत होती. “चुकलं माझं.”

चूक तिची नव्हती, हे सर्जेरावला आतून लख्ख दिसत होतं. काचच तशी होती ना.

आणि खाली बसलेल्या शालनचं ते ओशाळलेलं तोंड बघता बघता त्याला दुसरी एक दुपार आठवली. फार वर्षं झाली. तेव्हा त्याची पहिली शेड जळून गेली होती. घरात दाणा नव्हता. उधार मागायला तोंड नव्हतं, आणि त्याच्या डोक्यात नको नको ते विचार घोळत होते. अशात दारात कुणी गोसावी येऊन उभा राहिला. शालनच्या तोंडून नाही म्हणवेना. ती सूप घेऊन बाहेर आली. रिकामंच सूप. ते हातात धरून, मान खाली घालून उभी राहिली. गोसाव्यानं एकदा सुपाकडे पाहिलं. मग खांद्यावरची झोळी काढली आणि सगळी त्या सुपात उलटी केली. ज्वारी, तांदूळ, डाळ, सगळं एकात एक. आणि काही न बोलता निघून गेला.

त्या सुपातलं निवडून निवडून त्यांनी खाल्लं. ते निवडता निवडता सर्जेरावच्या डोक्यातले विचार गेले. आज तो जो काही होता तो तिथून होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. गोसाव्याला शोधायला मात्र वर्ष लागलं.

“बाबा,” तो म्हणाला.

“मला त्या बाजूला बसव,” बाबा म्हणाले.

त्यानं त्यांना धरून उजव्या खिडकीपाशी बसवलं. अल्युमिनियमची चौकट, दोन काचा, एकीवर एक सरकणाऱ्या. बाबांनी आपल्या हातानं काच सरकवली. ती खडखडली. त्याबरोबर बाहेरचा वारा आत आला, धूळ आली, खालच्या वस्तीवरचं शेळ्यांचं ओरडणं आलं.

“धूळ येते बघा,” सर्जेराव सवयीनं म्हणाला. “आणि पावसाचं चौकटीत पाणी साचतं.”

“साचू दे... पुसशील.”

शालन फिरून या बाजूला आली. सुपात आता थोडेच दाणे होते, माती फुंकून घेतलेले. खिडकीत बाबांचं तोंड दिसलं आणि तिचं तोंड उजळलं.

“माती लागलीया बाबा त्याला,” ती म्हणाली. “घरनं दुसरा आणू का?”

“हाच वाढ.”

तिनं सूप खिडकीतून आत सारलं. तेही सरळ जाईना. एका काचेपुरतीच उघडी जागा, सुपाला कमीच पडत होती. कड चौकटीला घासली, चार दाणे बाहेर उडाले. पण सूप आत आलं. बाबांनी दोन्ही हातांनी धरलं, शाळू झोळीत घेतला, आणि चिमूटभर दाणे परत सुपात टाकले. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही त्यांची जुनी सवय.

“जातं मठीत आहे. आज भाकरी टाक गं,” ते म्हणाले. “भूक लागली आहे.”

शालननं पदर तोंडाला लावला. तिला रडू आवरेना, आणि तिनं आवरलंही नाही. “टाकते बाबा,” एवढंच म्हणाली आणि मातीतले उरलेले दाणे वेचायला पुन्हा त्या बाजूला गेली.

सर्जेरावनं डोळे पुसले. फोन काढून शेडवर लावला.

“हां, चौकटीच्या. सगळ्या चौकटीच्या... नाही रे, शुद्धीवर आहे मी... गेली उडत ती काळी काच. मापं सांगतो, लिहून घे. थांब जरा.”

खिशातली टेप ओढून तो खिडकीच्या चौकटीला लावायला गेला.

“खिडकी कशाला मोजतोस?” बाबा म्हणाले. “सूप मोज.”

सर्जेराव थांबला. मग खाली बसला आणि सूप मांडीवर घेऊन मोजायला लागला. तेच सूप होतं. एका बाजूची कड उसवलेली, शालननं ती चिंधीनं बांधली होती, तिच्यावर शेणाचा हात फिरवला होता. घरात नवी सुपं दोन होती, पण बाबांकडे यायचं तर ती हेच काढायची. त्यानं माप सांगितलं, वर चार बोटं जास्त धर म्हणाला आणि फोन ठेवला.

सूप त्याच्या मांडीवरच राहिलं. चिमूटभर दाणे तळाशी होते.

“बाबा, एक विचारू? इतकी वर्षं धीर झाला नाही.”

बाबांनी मान हलवली.

“तुमचे उपकार मी फेडतोय असं मला वाटत होतं. ही गाडी, हे सगळं... ते फिटायचं नाही, आता कळलं. पण एवढं सांगा. गावात एवढी घरं होती. आमच्यापेक्षा बरी, भरलेली. त्या दिवशी तुम्ही आमच्याच दारात का थांबलात?”

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर शालन दगड मांडून चूल लावत होती. मग ते वळले आणि त्याच्या मांडीवरच्या सुपाला त्यांनी हात जोडले.

“झोळी फार जड झाली होती रे... आणि अख्ख्या गावात रिकामं सूप एकच होतं.”