घरच्यांचे आभार

एका तालुक्याच्या गावात वच्छलाबाई नावाची एकटी बाई राहायची. नवरा गेलेला, लेक लांब दिलेली. भिंतीशी तरी किती बोलणार? म्हणून ती रोज दुपारी अपंगांच्या आधारघरात जायची. तिथे तुळजाराम होता. तो चाकाच्या खुर्चीत असायचा; त्याचे हात चालत नसत, बोलणंही अडखळत यायचं. बाई त्याला भात मऊ कालवून भरवायची. एक घास गिळल्याशिवाय दुसरा पुढे करायची नाही. हे काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

आधारघराचा वार्षिक समारंभ आला. बाई ठेवणीतली इरकल साडी नेसून पुढे बसली. पंखे देणाऱ्याला शाल-नारळ मिळाला, मांडववाल्याला मिळाला. फोटो काढणाऱ्यालाही गुलाबाचं फूल मिळालं. मग चिटणीस बापूसाहेब म्हणाले, "वच्छलाबाई तर आमच्या घरच्याच! त्यांचे आभार मानून त्यांना परकं करायचं नाही."

टाळ्या पडल्या. बाईनेही वाजवल्या.

संध्याकाळी तिने कुलूप काढलं. रिकाम्या घरात कडीचा तेवढा आवाज झाला, बोलण्याचा नाही. "घरची म्हणे," ती पुटपुटली, "मग घरात कुणी का नाही?"

दुसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही. पडून राहायची. कुणी विचारायला आलं तर, म्हणून दार मात्र उघडं ठेवायची. आठवडा गेला. कुणी आलं नाही.

तिकडे बापूसाहेब निवांत. "येतील हो, घरच्याच आहेत!"

तुळजाराम एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बापू, घरचं माणूस दिसेना झालं, तर घरचे शोधायला जातात. ढकला माझी खुर्ची."

बापूसाहेब वरमले. खाचखळग्यांतून चाकाची खुर्ची ढकलताना घामाघूम झाले. बाईच्या दारात घसा खाकरून भाषणाला लागणार, तोच ती म्हणाली, "राहू द्या. उगीच परकी व्हायची मी."

तुळजाराम बोलला, "बाई, तुम्ही भरवता तेव्हा मला घाई करावी लागत नाही. हे सांगायचं राहूनच गेलं होतं."

बाईने डोळ्यांना पदर लावला, मग चहा टाकला. फडताळात कप एकच निघाला. कितीतरी वर्षांत दुसरा लागलाच नव्हता. आधी तिने तुळजारामला पाजला, मग तोच कप विसळून बापूसाहेबांपुढे ठेवला.

तात्पर्य: ज्याला घरचं म्हणावं त्याच्या घरी जावं, आणि त्याच्या कामाचं तोंडभर कौतुकही करावं; आपणहून राबणाऱ्यालाही माणसांची भूक असते.