म्हशीकडे वळलेल्या माना

फार पूर्वी एका माळावरचं तळं आटलं. नव्या पाण्याकडे सगळ्यांना कोण नेणार, हे ठरवायला प्राण्यांनी सभा भरवली. भाषणं ऐकून निवड म्हातारं कासव करणार होतं.

मोर तासभर बोलला. टाळ्या थांबेनात.

मग टिटवी उठली. "मागच्या उन्हाळ्यात म्हशीनं खुरांनी चिखल उकरला, म्हणून आपण सगळे पाणी प्यायलो. तिचे आभार मानायचे राहिले होते," एवढंच बोलून ती बसली. टाळी एकही पडली नाही.

कासवानं टिटवीला निवडलं.

मोर चिडला. "टाळ्या तर मला पडल्या."

"पडल्या ना. तुझं ऐकताना सगळे तुझ्याकडे बघत होते. तिचं ऐकून सगळ्यांच्या माना म्हशीकडे वळल्या."

म्हैस तोवर उठून टिटवीच्या मागे निघालीही होती.